मी शुद्धीत होते

"मराठी का? वा. मग माझ्याशी इंग्लिश कशाला झाडताय, काकू?"

डॉक्टर हसत पलंगाजवळ आला. पन्नाशीचा, उंच, दाढी नीट कोरलेली. मागे दोन शिकाऊ डॉक्टर, दोघी अमेरिकन मुली. न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात मी आदल्या दुपारपासून पडून होते. उजव्या बरगडीखाली कुणीतरी आतून पिळतंय असं दुखत होतं. अंगात ताप. तोंडाला कोरड. अशा वेळी समोर आपल्या भाषेचा माणूस उभा राहिला की बरं वाटतं. मलाही वाटलं.

त्याने हात पुढे केला होता. पोट तपासायला. चादर बाजूला सारायला आलेला हात.

"कुठल्या तुम्ही?"

"नागपूरची."

"अरे, माझी मामी नागपूरची. नागपुरात कुठे?"

मी वस्तीचं नाव सांगितलं.

"आणि आडनाव काय? इथे स्क्रीनवर स्पेलिंगची पार वाट लावलीय या लोकांनी."

मी आडनाव सांगितलं.

हात थांबला. मग मागे गेला. मग पांढऱ्या कोटाच्या खिशात गेला. मी त्या हाताकडेच बघत होते, म्हणून मला नीट आठवतं.

"अच्छा," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "अच्छा, अच्छा."

तो कॉम्प्युटरकडे वळला. "मेडिकेअर आहे तुम्हाला?"

"आहे."

"आणि राहता कुठे?"

"नागपूरला. मुलीकडे आलेय."

"म्हणजे राहायला तिकडे आणि उपचाराला इकडे." तो हसला. "तिकडे कोटा, इकडे मेडिकेअर. तुमच्या लोकांचं बरं असतं हां, काकू. जगात कुठेही जा, फुकटाची सोय आधीच झालेली."

डॉक्टर हसला म्हणून मागच्या दोघीही हसल्या. त्यांना मराठी येत नव्हतं. काहीतरी प्रेमाचं बोलणं चाललंय असंच त्यांना वाटलं असणार. एकीने तर माझ्याकडे बघून मान डोलावली. ते हसणं मला त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तो गेला. पोटाला हात न लावता गेला.

घाईत असेल, असं मी स्वतःला समजावलं. अजून पुष्कळ पेशंट बघायचे असतील. आपली ही जुनी सवय. कुणी थोबाडीत मारली तर त्याच्या वतीने कारणंही आपणच शोधायची.

आता मी कोण ते सांगते.

नवरा माझा इंजिनिअर. स्कॉलरशिपवर शिकला. नोकरी धरून इकडे आला, मागून मी आले, कडेवर लेक संघमित्रा. आम्ही जर्सीच्या दक्षिणेला राहिलो. तिथे तेव्हा मराठी माणूस औषधालाही नव्हता. मी कॉलेज अर्धवट सोडलेलं. म्हाताऱ्यांच्या एका केअर सेंटरमध्ये मला कामाला घेतलं. अंघोळी घालायच्या, डायपर बदलायचे, कुशीवर वळवायचं, भरवायचं. ज्यांना मी पुसलं त्यांत एक निवृत्त जज होता. एक बाई होती, ती मला रोज 'ए ब्राउन' म्हणून हाक मारायची आणि माझ्याच हातून जेवायची. दुसऱ्या कुणाच्या हातून खायची नाही. पाठ गेली, गुडघे गेले. निवृत्त होईपर्यंत मी तेच काम केलं.

त्या प्रत्येक पगारातून मेडिकेअरचा पैसा कापला गेला. मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा. काम करताना भरायचा, म्हातारपणी वापरायचा. त्यात दान नाही, कोटा नाही. जज भरतो तसाच भंगीकाम करणाराही भरतो.

नवरा गेला. जर्सीतली थंडी एकटीला झेपेना. मी नागपूरला बहिणीच्या शेजारी राहायला गेले. पासपोर्ट अमेरिकेचा, अंगण नागपूरचं. माझ्यासारखे पुष्कळ आहेत. पण हा विमा अमेरिकेबाहेर चालत नाही. नागपूरच्या हॉस्पिटलात ते कार्ड दाखवलं तर काउंटरवरची मुलगी उलटंपालटं करून बघते आणि परत देते. तिथल्या खाजगी विमा कंपन्यांनी माझं वय आणि साखर बघून नाही म्हटलं. अमेरिकेत पाय ठेवला की मात्र तोच विमा पुन्हा लागू होतो. कायदाच तसा आहे. डॉक्टरांच्या खर्चाचा जो वेगळा भाग असतो, त्याचा हप्ता आजही माझ्या पेन्शनमधून कापला जातो. नागपूरला त्याचा उपयोग शून्य. तरी मी तो बंद केला नाही.

नागपूरला पोटात दुखायला लागलं तेव्हा पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, काढून टाका. मी विचार केला, उन्हाळ्यात मुलीकडे जायचंच आहे, तिथे करू. हो, मी ऑपरेशन करायलाही आले होते. नातीला बघायला आले होते आणि ऑपरेशन करायला आले होते. यात लपवण्यासारखं काय आहे, हे मला आजही कळत नाही. पण त्या दिवशी पलंगावर पडल्या पडल्या मला चोरी पकडल्यासारखं वाटलं. त्याने एका वाक्यात मला चोर केलं. आणि मी झाले.

मुलगी एडिसनला राहते. आयटीत आहे. तिचा नवरा जर्सी सिटीला कामाला जातो, सकाळी सहाची गाडी पकडतो. जावई आपल्यातलाच, पण त्याचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लागणारं. त्यातून काही कळत नाही. लग्नानंतर मुलीने ते लावलं. आणि संघमित्राची मित्रा झाली.

खरं तर मित्रा ती त्याआधीच झाली होती. कॉलेजात असताना एका मराठी मैत्रिणीच्या घरी जेवायला गेली. मैत्रिणीच्या आईने पूर्ण नाव विचारलं. पोरीने अभिमानाने सांगितलं, कारण घरी तिला तसंच शिकवलं होतं. जेवण झालं. मैत्रीण पुन्हा कधी फोनवर आली नाही. काय झालं ते संघमित्राने मला सांगितलं नाही. फक्त हॉस्टेलच्या दारावरची नावाची पट्टी बदलली. मला ते फार उशिरा कळलं, आणि तोवर माझी मुलगी लपायला शिकली होती. ती हुशार आहे. लपणंही हुशारीने शिकली.

एडिसनच्या मराठी मंडळात ती सगळ्यांत पुढे. गणपतीत नैवेद्याचं सगळं तिच्याकडे. नात अनया तिथल्याच डान्स ग्रुपमध्ये. तो ग्रुप चालवणारी बाई म्हणजे या डॉक्टरची बायको. हे मला तोवर माहीत नव्हतं. मुलीलाही माहीत नव्हतं की माझी केस कुणाकडे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी ऑफिसला दांडी मारून आली. लॅपटॉपची बॅग खांद्यावर तशीच. मला ताप वाढला होता. ती माझं कपाळ पुसत होती. तेवढ्यात डॉक्टर आत आला.

"मित्रा? तू इथे?"

मुलीचा हात माझ्या कपाळावर होता. तो तिने काढून घेतला. दोन दिवसांत दुसरा हात मागे गेला.

"ही... माझी आई," ती म्हणाली.

त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत तिच्याकडे. बाजारात एखादी वस्तू खोटी निघाल्यावर माणूस बघतो तसं.

"ह्या तुझ्या आई? कमाल आहे. इतकी वर्षं ओळखतोय आपण. कधी बोलली नाहीस."

"नाही, म्हणजे... विषयच नाही निघाला."

"हो ना. आणि नैवेद्याचं सगळं तूच बघतेस." तो हसत होता. वाक्य त्याने तिथेच सोडून दिलं. पुढचं बोलायची गरजच नव्हती. माझ्या मुलीचा चेहरा माझ्यासमोर पांढरा पडला. चाळिशीतली बाई ती. मोठ्या टीमची लीड. एका वाक्यात तिची शाळकरी पोर झाली.

मग तो कामाचं बोलायला लागला. माझ्याशी नाही, तिच्याशी.

"हे बघ मित्रा, तुझ्या आई आहेत म्हणून सांगतो. हे खडे काही आजचे नाहीत. तिकडे निदान झालं होतं. ऑपरेशन टाळून विमानात बसल्या आणि इथे येऊन झोपल्या. इट्स नॉट राइट, यार. इथे टॅक्स कोण भरतं? तू भरतेस, मी भरतो. मी अँटिबायोटिक्स लिहून देतो. आज घरी ने. जरा बरं वाटलं की पाठवून दे. तिकडे यांच्यासारख्यांना सगळं राखीव असतंच."

"आणि सर्जन?" मी विचारलं.

तो तिच्याकडेच बघत म्हणाला, "सर्जनची गरज नाही. कळतंय ना तुला?"

"हो," माझी मुलगी म्हणाली. "बरोबर आहे."

बरोबर आहे. हे तिने म्हटलं. मी ऐकलं. मला त्याचं काही वाटलं नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

मला माझा बाप आठवला. तो नागपूरच्या एका सरकारी हॉस्पिटलात झाडूवाला होता. जनरल वॉर्ड त्याच्याकडे. वॉर्डातल्या लोखंडी खाटा तो सोड्याने घासायचा. रक्त, ओकारी, बाळंतिणीचे कपडे, सगळं त्याने उचललं. मग त्याला टायफॉइड झाला. त्याच हॉस्पिटलात नेला. वॉर्डात खाटा रिकाम्या होत्या. मी लहान होते पण मला खाट रिकामी आहे की भरलेली हे कळत होतं. त्याला व्हरांड्यात चटईवर टाकलं. वॉर्डातले पेशंट तक्रार करतील, असं वॉर्डाच्या मोठ्या नर्सबाईंनी सांगितलं. आई रडायला लागली. बाप म्हणाला, "राहू दे. इथं हवा येते."

तो त्या व्हरांड्यात मेला. शेवटपर्यंत कुणाला त्रास न देता. हॉस्पिटलच्या लोकांनी त्याचं कौतुक केलं. फार गरीब स्वभावाचा होता म्हणाले.

मी आयुष्यभर बापाचं ते वाक्य मोठेपणा म्हणून सांगत आले. मुलीलाही तेच सांगून वाढवलं. तुझे आजोबा किती समजूतदार होते. त्या सकाळी जर्सीतल्या त्या पलंगावर मला पहिल्यांदा कळलं की तो मोठेपणा नव्हता. माझा बाप घाबरला होता. मरतानाही घाबरलेला होता. आणि आता माझी मुलगी म्हणत होती, बरोबर आहे.

मी उठून बसले. बसताना पोटात असा डंख बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी बसले.

"डॉक्टर, इकडे बघा. पेशंट मी आहे."

त्याने बघितलं.

"तुम्ही माझ्या पोटाला हात लावलेला नाही. काल नाही, आज नाही. आडनाव सांगायच्या आधी हात पुढे आला होता. सांगितल्यावर खिशात गेला."

"काकू, तुम्हाला ताप आहे. उगाच डोक्यात काही..."

"मी ऑपरेशनसाठीच आलेय. हो. त्याचे पैसे मी माझ्या पगारातून भरलेत. तुमच्या खिशातला एक पैसा नाही. मी इथे कुणाच्या दयेवर झोपलेली नाही. तुम्ही मला घरी पाठवताय ते माझ्या पोटाकडे बघून नाही. माझ्या जातीकडे बघून."

जात हा शब्द त्या खोलीत पडला. आतापर्यंत कुणी तो उच्चारला नव्हता. त्याने नाही, मुलीने नाही, मीही नाही. तो मुलीकडे वळला.

"मित्रा, प्लीज कंट्रोल युअर मदर."

"आई, स्टॉप इट," मुलगी म्हणाली. "प्लीज. मी हात जोडते."

तिने खरोखर हात जोडले. मी पलंगाच्या कडेची घंटा दाबली.

ग्लोरिया आली. ती तिथली नर्स, जमैकाची, माझ्याहून थोडी लहान. मी तिला इंग्रजीत सांगितलं, मी घरी जाणार नाही, मला दुसरा डॉक्टर हवा आहे, आणि मला सर्जनने बघायला हवं. डॉक्टर म्हणाला, पेशंट जरा गोंधळलेली आहे. ग्लोरियाने मला माझं नाव विचारलं. जन्मतारीख विचारली. आपण कुठे आहोत ते विचारलं. मी सगळं सांगितलं. मग ती त्याला म्हणाली, "डॉक्टर, तिने दुसरा डॉक्टर मागितलाय." एवढंच. आवाज न चढवता. त्याला जावं लागलं.

दुपारी सर्जन बाई आली. काळी, धिप्पाड, केस अगदी बारीक कापलेले. म्हणाली, "आधीच माफी मागते, माझे हात फार थंड आहेत." आणि तिने ते थंड हात माझ्या पोटावर ठेवले. दाबलं. मी किंचाळले. तिने ताबडतोब ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं.

पित्ताशय आत सडायला लागलं होतं. घरी गेले असते तर विष अंगात पसरलं असतं, असं ती नंतर म्हणाली. तिच्या आवाजात भीती दाखवण्याचा सूर नव्हता. तिने फक्त सांगितलं. मुलगी शेजारी उभी होती. तिने ऐकलं आणि खिडकीबाहेर बघितलं. पार्किंगमध्ये गाड्यांच्या रांगा होत्या.

मला वाटलं होतं, आता ती काही बोलेल.

ती बोलली, पण चार दिवसांनी, मी घरी आल्यावर, भांडी घासताना, पाठमोरी.

"अनयाला डान्स ग्रुपमधून काढलं. मेसेज आलाय. ग्रुप फुल झालाय म्हणे."

"तूच सांग तिला खरं कारण."

"काय सांगू? शी इज टेन, आई. काय सांगू मी तिला?"

मी म्हटलं, "मी सांगते."

"नको. तू काही सांगू नकोस. तू पुरेसं सांगितलंयस."

जावई संध्याकाळी घरी यायचा, माझी औषधं विचारायचा, आणि वर निघून जायचा. भला मुलगा. त्याचंही आडनाव आता लोक दोनदा वाचत होते. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलीचं काही आलं की पूर्वी अंगठे आणि फुलं पडायची. आता काहीच पडत नव्हतं. ती रोज फोन उघडून बघायची. उपाशी माणूस रिकामा डबा परत परत उघडतो तशी.

मग एके दिवशी ती ऑफिसातून हसत आली. किती दिवसांनी. माझ्याजवळ बसली, माझा हात हातात घेतला.

"आई, सगळं ठीक होईल. डॉक्टरांच्या बायकोचा फोन आला होता. खूप छान बोलल्या. त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी काही मनात ठेवलेलं नाही. तापात माणूस भ्रमात असतो, काहीही बोलतो. त्यांनी मंडळातही सगळ्यांना तसंच सांगितलंय. रविवारी पॉटलक आहे, सगळे घरून एकेक पदार्थ आणतात, तुलाही बोलावलंय. तू फक्त ये. काही बोलायचं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, मला काही आठवत नाही."

"आणि जातीचं?"

"तेपण. भ्रमात बोलली म्हणून सांगितलंय. म्हणजे आपण... ते नाही, असंच."

मला समजायला थोडा वेळ लागला. मी वेडात होते असं ठरलं की ती पुन्हा मित्रा होणार होती. आईला वेडी ठरवून तिला तिची जागा परत मिळत होती. आणि त्या लोकांनी हे उपकार म्हणून देऊ केलं होतं. तिने ते उपकार म्हणून घेतलेही होते.

"येईन," मी म्हटलं.

रविवारी दुपारी एका मोठ्या घरी सगळे जमले. बेसमेंटमध्ये टेबलं लावलेली. मसालेभात, वांग्याची भाजी, पुरणपोळ्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेल्या. मुलीने पिस्त्याची बर्फी केली होती. मी टाक्यांवर हात ठेवून सोफ्यावर बसले. डॉक्टर पलीकडे पुरुषांच्यात होता. त्याने लांबूनच हात जोडले, राजाने प्रजेला जोडावेत तसे.

त्याची बायको ताट घेऊन माझ्याजवळ आली. छान साडी, छान आवाज. चार-पाच बायका मागे.

"काकू, आता बऱ्या आहात ना? चेहरा किती उतरलाय. आणि त्या दिवशीचं अजिबात मनाला लावून घेऊ नका हां. गुंगीत होतात तुम्ही. आम्ही कुणी सिरियसली घेतलेलं नाही."

मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. "हो ना," ती म्हणाली. "आईला तर काही आठवतच नाही."

मुलीच्या बर्फीचं ताट टेबलाच्या टोकाला होतं. बाकीची ताटं अर्धी झाली होती. ते तसंच्या तसं होतं. एकही तुकडा कुणी उचलला नव्हता. मुलगी त्याच्याकडे बघत नव्हती. तिने ते सगळ्यांच्या आधी बघितलं असणार.

मी ताट बाजूला ठेवलं.

"मी शुद्धीत होते," मी म्हटलं. "मला सगळं आठवतं. तुमच्या मिस्टरांनी माझं आडनाव ऐकलं आणि पोटाला हात लावला नाही. सडलेलं पोट घेऊन मला घरी पाठवत होते. मी बौद्ध आहे. माझा बाप हॉस्पिटलात झाडू मारायचा. मी इथे म्हाताऱ्यांची ढुंगणं धुतली. ही माझी मुलगी आहे. हिचं नाव संघमित्रा."

एका बाईने हातातली वाटी हळूच खाली ठेवली. डॉक्टरच्या बायकोचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याखालचं सगळं निघून गेलं. पलीकडून डॉक्टर मोठ्याने म्हणाला, "मित्रा, इनफ. यांना घरी घेऊन जा." मी काही बोलायच्या आत मुलगी जिना चढून गेली होती. बर्फीचं ताट मीच उचललं. जिना चढताना कुणी हात दिला नाही.

गाडीत ती स्टीअरिंग धरून बसली होती. सुरू करत नव्हती.

"यू हॅपी नाऊ?" ती म्हणाली. "तू जाशील नागपूरला. मला इथे राहायचंय. मॅनेजर त्यांच्यातला आहे. अनया इथे वाढणार आहे. तू एका मिनिटात सगळं... का? कुणासाठी?"

मी खूप काही बोलू शकले असते. आजोबांचं, माझं. पण मी बर्फीचं ताट मांडीवर घेतलं आणि पट्टा लावला.

घरी आल्यावर तिने लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझं रिटर्न तिकीट लवकरचं करूया का? तुला तिकडेच बरं वाटेल."

जन्म दिलेल्या पोरीने मला सभ्य शब्दांत घराबाहेर काढलं. डान्स ग्रुप फुल झालाय म्हणणाऱ्या त्या बाईपेक्षा सभ्य शब्दांत.

"कर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलला फोन केला. पेशंटच्या तक्रारी ऐकणारी एक बाई तिथे असते. मी तिला सगळं सांगितलं. तिला जात म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी समजावून सांगितलं. इंग्रजी माझं मोडकं आहे पण हे सांगायला पुरलं. तिने मध्येच विचारलं, हे सगळं तुमच्या भाषेत झालं, तर ती भाषा समजणारं खोलीत दुसरं कुणी होतं का?

मी उत्तर दिलं.

संध्याकाळी मुलीला सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. तिला वाटलं, मी थट्टा करतेय. मग कळलं की नाही.

"तक्रार मागे घे, आई."

"नाही."

"ते माझं आयुष्य संपवतील."

"तुझं नाव दिलंय मी. साक्षीदार म्हणून. त्या खोलीत तो काय बोलला, ते माझ्याशिवाय फक्त तुला माहीत आहे. ते तुला फोन करतील."

ती अगदी हळू म्हणाली, "आणि मी म्हटलं की तू भ्रमात होतीस, तर?"

"तर तसं म्हण. ते तुझ्या तोंडून लिहून घेतील, आणि ते कायम राहील. पण गप्प बसून चालणार नाही आता. तुला नाही, मला नाही."

परवा मी नागपूरला जाते. पुढच्या उन्हाळ्यात परत येईन. गुडघे बदलायचे आहेत, तेही इथेच बदलीन. मुलीने दार उघडलं नाही तर भाड्याच्या खोलीत राहीन. हॉस्पिटलात जो कुणी डॉक्टर समोर येईल, त्याने नाव विचारायच्या आधी मी पूर्ण नाव सांगीन, आडनावासकट, आणि त्याचा हात कुठे जातो ते बघीन.

हॉस्पिटलचा फोन मुलीला अजून आलेला नाही. आम्ही दोघी एका घरात आहोत, आणि तिचा फोन वाजला की दोघीही काम थांबवतो.